विश्लेषण : हात लागताच फोड येणाऱ्या त्वचेवर ‘स्टेम सेल’चा उपचार खरंच आहे का?

जून २०१५. जर्मनीतल्या बोखुम शहरातील एका रुग्णालयाच्या जळीत विभागात सात वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. तो कुठेही भाजलेला नव्हता. सीरियातून जर्मनीत आलेल्या कुटुंबातल्या या मुलाला जन्मापासूनच त्वचेचा एक आनुवंशिक आजार होता. जरा घासलं, जरा दाबलं की अंगावर फोड यायचे. त्यातच जंतुसंसर्ग झाला आणि बघता बघता त्याच्या अंगावरचा त्वचेचा सुमारे ८० टक्के वरचा थर निघून गेला.

डॉक्टरांनी प्रतिजैविकं दिली, ड्रेसिंग केली. वडिलांची त्वचा काढून मुलाला लावून पाहिली, पण ती टिकली नाही. आता फक्त वेदना कमी करता येतील, अशी वेळ आली. तेव्हा आई-वडिलांनी विचारलं, प्रयोगाच्या टप्प्यावरचा का होईना, एखादा उपचार आहे का?

तो उपचार इटलीत सापडला. मार्च २०१६ मध्ये हा मुलगा पुन्हा शाळेत जाऊ लागला. त्याच्या स्वतःच्याच पेशींमधला दोष प्रयोगशाळेत दुरुस्त करून, त्यापासून वाढवलेली त्वचा त्याच्या अंगावर बसवण्यात आली होती.

अशा बातम्या मोबाइलवर फिरत फिरत आपल्यापर्यंत येतात तोवर त्यातलं एवढंच वाक्य उरतं : ‘स्टेम सेलने त्वचेचा असाध्य आजार बरा झाला.’ हे वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे. ज्या घरात असं बाळ जन्माला आलं आहे, त्या घरासाठी हा अपुरेपणा महागात पडू शकतो. म्हणूनच हा आजार नेमका काय आहे, स्टेम सेल प्रत्यारोपणाने त्यात काय साधलं आणि काय साधलेलं नाही, हे सविस्तर समजून घेऊया.

हा आजार नेमका काय आहे?

या आजाराचं नाव आहे ‘एपिडर्मोलिसिस बुलोसा’, थोडक्यात ‘ईबी’. हा एकच आजार नसून आजारांचा गट आहे. या सगळ्यांत समान गोष्ट एकच : त्वचा अतिशय नाजूक असते आणि किरकोळ घर्षणानेही फोड येतात, साल निघतं. फुलपाखराच्या पंखांइतकी नाजूक त्वचा, म्हणून या मुलांना जगभर ‘फुलपाखरू मुलं’ म्हटलं जातं. नाव गोड असलं तरी आजार तसा नाही.

‘डेब्रा’ या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे ५ लाख लोकांना ईबी आहे. हा आजार संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, एकत्र जेवण्याने किंवा शेजारी बसण्याने तो पसरत नाही.

ईबीचे मुख्य चार प्रकार आहेत.

- सिम्प्लेक्स : तुलनेने सौम्य. अनेकांना प्रामुख्याने तळहात-तळपायावर फोड येतात आणि उन्हाळ्यात त्रास वाढतो.
- जंक्शनल : याचं गंभीर रूप असलेली अनेक बाळं पहिल्या एक-दोन वर्षांतच दगावतात. बोखुमच्या मुलाला याच गटातला आजार होता.
- डिस्ट्रॉफिक : जखमा भरताना व्रण राहतात. याच्या गंभीर रूपात हाताची बोटं एकमेकांना चिकटून मूठ बंद होऊ शकते. अन्ननलिकेतही व्रण होऊन ती अरुंद होते आणि गिळणं अवघड होतं.
- किंडलर : सर्वांत दुर्मीळ प्रकार.

गंभीर डिस्ट्रॉफिक प्रकारात आणखी एक धोका असतो. वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमांच्या जागी त्वचेचा कर्करोग होऊ शकतो, तोही अगदी तरुण वयात. म्हणूनच जखमा भरणं हा इथे दिसण्याचा प्रश्न नाही, जगण्याचा प्रश्न आहे.

फोड का येतात?

गोधडी आठवा. वरचं कापड आणि आतलं कापड यांना धरून ठेवतात ते मधले टाके. टाके उसवले की दोन कापडं एकमेकांवर सरकू लागतात.

आपल्या त्वचेतही वरचा पातळ थर आणि खालचा जाड थर असतो. या दोघांना जोडणारे ‘टाके’ म्हणजे काही ठरावीक प्रथिनं. त्यांपैकी एक महत्त्वाचं प्रथिन म्हणजे ‘कोलॅजन ७’. वरचा थर खालच्या थरात रुतवून ठेवणारे अतिसूक्ष्म तंतू याच प्रथिनाचे बनलेले असतात. हे प्रथिन बनवण्याची माहिती आपल्या तिसऱ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असते. त्या जनुकात बिघाड असेल तर कोलॅजन ७ कमी बनतं, सदोष बनतं किंवा अजिबात बनत नाही. दोन थर सुटे होतात, मधल्या पोकळीत पाणी भरतं आणि फोड येतो. हा झाला डिस्ट्रॉफिक ईबी.

जंक्शनल प्रकारात टाका वेगळा असतो. तिथे बहुतेकदा ‘लॅमिनिन’ नावाच्या प्रथिनात बिघाड असतो. सिम्प्लेक्समध्ये बहुधा ‘केराटिन’ या प्रथिनात दोष असतो आणि वरच्या थराच्या तळाशी असलेल्या पेशीच फाटतात.

म्हणजे बाहेरून फोड सारखाच दिसला तरी आतला टाका कोणता तुटला आहे, त्यावर आजाराचं रूप ठरतं आणि उपचारही. ईबीचा प्रकार ओळखण्यासाठी त्वचेचा छोटा तुकडा तपासतात आणि जनुकीय चाचणी करतात. या चाचणीशिवाय उपचाराची चर्चा करणं म्हणजे कुठलं कुलूप आहे हे न पाहताच किल्ली विकत घेणं.

आई-वडील निरोगी, मग बाळाला हा आजार कसा?

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. ईबीच्या बहुतेक गंभीर प्रकारांत दोन्ही प्रती सदोष असल्या तरच आजार होतो. आई आणि वडील या दोघांकडे एकेक सदोष प्रत असेल तर त्यांना स्वतःला काहीच त्रास होत नाही. मात्र प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

जवळच्या नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते, कारण एकाच पूर्वजाकडून तीच सदोष प्रत दोघांकडेही आलेली असू शकते. आपल्याकडे काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत आहे. तिथे घरात असा आजार आधी दिसला असेल तर जनुकीय समुपदेशन घ्यायलाच हवं. घरातल्या रुग्णाच्या जनुकातला नेमका दोष माहीत असेल तर पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येते.

सिम्प्लेक्सच्या बहुतेक रुग्णांत आणि डिस्ट्रॉफिकच्या सौम्य रूपात एकच सदोष प्रत पुरेशी असते. कधी कधी तो बिघाड आई-वडील दोघांतही नसतो, तो बाळातच नव्याने झालेला असतो. त्यामुळे ‘कुणाच्या घराण्यातून आलं’ हा वाद घालण्यात अर्थ नसतो. दोष बहुतेकदा दोघांकडूनही आलेला असतो किंवा कुणाकडूनच नाही. त्यात चूक तर कुणाचीच नसते.

‘स्टेम सेल’ म्हणजे नेमक्या कोणत्या पेशी?

सगळा गोंधळ इथेच होतो. स्टेम सेल, म्हणजेच मूलपेशी, हे एका पेशीचं नाव नाही. जी पेशी स्वतःसारख्या नव्या पेशीही तयार करते आणि वेगळं काम करणाऱ्या पेशीही तयार करते, तिला मूलपेशी म्हणतात. शरीरात त्या वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि त्यांची कामंही वेगवेगळी असतात.

ईबीच्या बाबतीत तीन प्रकारच्या पेशी वापरून पाहिल्या गेल्या.

- दात्याच्या अस्थिमज्जेतल्या, म्हणजे बोन मॅरोतल्या, रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी.
- रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेतल्या, जनुक दुरुस्त केलेल्या मूलपेशी.
- दात्याच्या ‘मेसेनकायमल’ पेशी, ज्या शिरेतून दिल्या जातात.

या तिन्ही रस्त्यांना बातम्यांत ‘स्टेम सेल’ असंच म्हटलं जातं. पण त्यांचा धोका, फायदा आणि पुरावा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला रस्ता : अस्थिमज्जा प्रत्यारोपण

थॅलेसेमियाच्या मुलांचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट आपल्याकडे बऱ्याच जणांना ऐकून माहीत आहे. तिथे बिघाड रक्तातच असतो, त्यामुळे रक्ताचा कारखाना बदलला की प्रश्न सुटतो. पण त्वचेच्या आजारात बोन मॅरो बदलून काय होणार?

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले डॉ. जॉन वॅग्नर आणि डॉ. याकुब टोलार यांचा तर्क असा होता : बोन मॅरोमधून निघालेल्या काही पेशी रक्तातून जखमेपर्यंत पोहोचतात. त्या पेशी निरोगी दात्याच्या असतील तर तिथे जाऊन त्या कोलॅजन ७ बनवतील. उंदरांवरच्या प्रयोगांत तशी चिन्हं दिसल्यावर त्यांनी ऑक्टोबर २००७ ते ऑगस्ट २००९ या काळात गंभीर डिस्ट्रॉफिक ईबी असलेल्या सात मुलांवर हा उपचार हाती घेतला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष असे होते. सातपैकी एका मुलाचा प्रत्यारोपणाआधीच हृदयाच्या आजाराने मृत्यू झाला. उरलेल्या सहाही मुलांच्या जखमा पूर्वीपेक्षा चांगल्या भरू लागल्या आणि फोड कमी झाले. सहापैकी पाच जणांच्या त्वचेत, दोन थरांच्या जोडावर कोलॅजन ७ वाढलेलं दिसलं. सहाही जणांच्या त्वचेत दात्याच्या पेशी मोठ्या प्रमाणात सापडल्या. म्हणजे तर्क खरा ठरला होता.

पण दुसरी बाजूही त्याच अहवालात आहे. टाके घालणारे ते तंतू सर्वसामान्य त्वचेसारखे झाले नाहीत. आणि एका मुलाचा प्रत्यारोपणानंतर १८३व्या दिवशी मृत्यू झाला, कारण नव्या पेशी शरीराने नाकारल्या आणि जंतुसंसर्ग झाला.

इतका धोका का? दात्याच्या पेशींना जागा करून देण्यासाठी आधी मुलाची स्वतःची अस्थिमज्जा जबर केमोथेरपीने रिकामी करावी लागते. त्या काळात शरीराची प्रतिकारशक्ती जवळपास शून्यावर येते. निरोगी कातडी हीच जंतूंविरुद्धची पहिली भिंत असते, आणि या मुलांच्या अंगावर तर ठिकठिकाणी उघड्या जखमा असतात. शिवाय दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच हल्ला करण्याची भीतीही असते. पुढच्या काळात केमोथेरपीची मात्रा कमी करून हा उपचार सुसह्य करण्याचे प्रयत्न झाले. तरीही तो ईबीचा नेहमीचा उपचार झालेला नाही.

या रस्त्याचं आकर्षण मात्र समजून घेण्यासारखं आहे. ईबी फक्त बाहेरच्या त्वचेचा आजार नाही. तोंडात आणि अन्ननलिकेतही फोड येतात. तिथे त्वचेचा तुकडा लावता येत नाही, पण रक्त पोहोचतं.

दुसरा रस्ता : स्वतःचीच त्वचा, पण दुरुस्त केलेली

आता बोखुमच्या मुलाकडे परत येऊ. त्याच्यावरचा उपचार बोन मॅरोचा नव्हता.

आपल्या त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो आणि साधारण महिनाभरात नवा होतो. हे काम वरच्या थराच्या तळाशी असलेल्या त्वचेच्या मूलपेशी करतात. १९७५ मध्ये अमेरिकेत जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याची पद्धत शोधली. १९८३ मध्ये याच पद्धतीने, ९५ टक्क्यांहून अधिक भाजलेल्या दोन लहान भावांसाठी त्यांच्याच पेशींपासून त्वचा वाढवण्यात आली आणि दोघंही वाचले.

भाजलेल्या रुग्णाच्या पेशी मुळात निरोगी असतात. ईबीच्या रुग्णाच्या पेशींतच बिघाड असतो. त्या तशाच वाढवल्या तर नव्या त्वचेलाही फोडच येणार. म्हणून इटलीतल्या मोडेना इथले मिकेले दे लुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पायरी वाढवली : पेशी वाढवण्याआधी त्यांत जनुकाची निरोगी प्रत टाकायची. ती पेशीत पोहोचवण्यासाठी त्यांनी निरुपद्रवी केलेल्या विषाणूचा वाहनासारखा वापर केला. जंक्शनल ईबी असलेल्या एका प्रौढ रुग्णाच्या पायांवर अशी त्वचा बसवल्याचा त्यांचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

बोखुममध्ये हेच काम फार मोठ्या प्रमाणावर झालं. क्रम असा होता.

- मुलाच्या जांघेजवळ फोड नसलेली जागा शोधून तिथून ४ चौरस सेंटिमीटर त्वचा घेतली, म्हणजे साधारण टपाल तिकिटाएवढी.
- मोडेनाच्या प्रयोगशाळेत त्या पेशींत लॅमिनिनच्या जनुकाची निरोगी प्रत टाकली.
- त्या पेशींपासून त्वचेचे पातळ पडदे वाढवले. त्यांचं एकूण क्षेत्रफळ सुमारे ०.८५ चौरस मीटर भरलं.
- ऑक्टोबर २०१५, नोव्हेंबर २०१५ आणि जानेवारी २०१६ अशा तीन वेळा शस्त्रक्रिया करून ते अंगावर बसवले.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुलाला घरी सोडण्यात आलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचा सविस्तर अहवाल आला. पाच वर्षांनंतरचा पाठपुरावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नवी त्वचा टिकून होती आणि त्या भागावर फोड येत नव्हते.

या उपचाराने विज्ञानालाही एक गोष्ट शिकवली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या असंख्य पेशींपैकी बहुतेक काही काळाने झडून गेल्या. पुढची सगळी त्वचा पेलून धरली ती त्यांतल्या मोजक्या, दीर्घकाळ जगणाऱ्या मूलपेशींनी. म्हणजे पडदा किती मोठा आहे, यापेक्षा त्यात खऱ्या मूलपेशी आहेत का आणि त्यांत दुरुस्ती पोहोचली आहे का, हे महत्त्वाचं.

वडिलांची त्वचा टिकली नाही आणि ही टिकली, याचं कारणही इथेच आहे. शरीराने वडिलांच्या पेशी परक्या मानल्या. या पेशी मात्र मुलाच्या स्वतःच्याच होत्या.

मर्यादा कोणत्या? हा उपचार बाहेरच्या त्वचेपुरता आहे. तोंड, घसा, अन्ननलिका यांना त्याचा उपयोग होत नाही. जनुक शरीरातल्या पेशींत कायमचं बसत असल्याने पुढे कर्करोग होत नाही ना, यावर अनेक वर्षं लक्ष ठेवावं लागतं. आणि ज्या रुग्णाचा टाका वेगळा, त्याच्यासाठी जनुकही वेगळं लागतं.

हा उपचार आता बाजारात आला आहे का?

याच तत्त्वावरचा एक उपचार आला आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, एप्रिल २०२५ मध्ये ‘झेवास्किन’ या उपचाराला गंभीर डिस्ट्रॉफिक ईबीसाठी मंजुरी दिली. त्यात रुग्णाच्या स्वतःच्या त्वचापेशींत कोलॅजन ७ चं जनुक टाकून त्यांचे क्रेडिट कार्डाएवढे पडदे तयार करतात आणि ते शस्त्रक्रियेने जखमांवर बसवतात.

मंजुरीआधीच्या चाचणीत ११ रुग्णांच्या जखमांच्या ४३ जोड्या निवडल्या होत्या. जोडीतल्या एका जखमेवर पडदा लावला, दुसरीवर नेहमीचे उपचार केले. सहा महिन्यांनी पडदा लावलेल्या ८१ टक्के जखमा निम्म्या किंवा त्याहून अधिक भरलेल्या होत्या. नेहमीच्या उपचारात हेच प्रमाण १६ टक्के होतं.

किंमत मात्र सुमारे ३१ लाख डॉलर, म्हणजे २५ कोटी रुपयांहून अधिक आहे.

तिसरा रस्ता : शिरेतून दिल्या जाणाऱ्या पेशी

‘मेसेनकायमल’ पेशी बोन मॅरो, चरबी अशा ठिकाणांहून मिळवता येतात. त्या शिरेतून दिल्या जातात आणि त्याआधी जबर केमोथेरपी लागत नाही. त्यामुळे धोका खूपच कमी असतो. लंडनमध्ये गंभीर डिस्ट्रॉफिक ईबी असलेल्या १० मुलांना अशा पेशी देऊन पाहण्यात आल्या. त्याचा अहवाल २०१५ मध्ये आला. मुलांच्या वेदना कमी झाल्या आणि जखमा भरण्यात सुधारणा दिसली.

पण या पेशी आजाराचं मूळ काढत नाहीत. त्या दाह शमवतात, जखम भरायला मदत करतात आणि काही काळाने निघून जातात. म्हणजे त्यांच्याकडून आराम मिळू शकतो, दुरुस्ती होत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. कारण ‘स्टेम सेलचं इंजेक्शन’ म्हणून जे काही सर्रास विकलं जातं, ते बहुतेकदा याच पेशींच्या नावाने.

मग जखमेवर लावायच्या जेलचं काय?

मे २०२३ मध्ये एफडीएने ‘व्हायजुवेक’ या जेलला डिस्ट्रॉफिक ईबीसाठी मंजुरी दिली. हे जेल स्टेम सेल उपचारात मोडत नाही. नागिणीच्या कुटुंबातल्या, ओठांवर पुरळ आणणाऱ्या हर्पीज विषाणूला निरुपद्रवी करून त्याच्यामार्फत कोलॅजन ७ चं जनुक थेट जखमेतल्या पेशींत पोहोचवलं जातं. ३१ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी जेल लावलेल्या ६७ टक्के जखमा पूर्ण भरलेल्या होत्या. जनुक नसलेलं नुसतं जेल लावलेल्या जखमांत हे प्रमाण २२ टक्के होतं.

मात्र हे जेल दर आठवड्याला पुन्हा लावावं लागतं. कारण ते जनुक पेशीच्या गुणसूत्रात कायमचं बसत नाही आणि पेशी झडल्या की दुरुस्तीही त्यांच्याबरोबर जाते. मूलपेशींमागे शास्त्रज्ञ का लागले आहेत, याचं उत्तर यातच आहे. जी पेशी स्वतः टिकते आणि नव्या पेशी घडवत राहते, तिच्यातली कायमची दुरुस्तीच टिकाऊ ठरते.

बाळाच्या नाळेतलं रक्त जपून ठेवलं तर?

प्रसूतीच्या आधी अनेक जोडप्यांना हा प्रस्ताव येतो : नाळेतलं रक्त साठवून ठेवा, पुढे याच बाळाला कुठलाही आजार झाला तर उपयोगी पडेल. ईबीसारख्या आनुवंशिक आजारात हे गणित चुकतं. बाळाच्या नाळेतल्या पेशींतही तोच जनुकीय बिघाड असतो. त्या पेशी त्याच बाळाला परत दिल्या तर बिघाडच परत दिल्यासारखं होईल.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, हीदेखील भविष्यात स्वतःच्या वापरासाठी नाळेतलं रक्त खासगीरीत्या साठवण्याची शिफारस करत नाही.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी दाता लागतो तो ज्याला हा आजार नाही असा. सख्ख्या भावंडाशी पेशींचा पूर्ण मेळ जुळण्याची शक्यता प्रत्येक भावंडामागे २५ टक्के असते.

भारतात काय स्थिती आहे?

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या आणि काही ठरावीक आजारांसाठीचं रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर इतर कोणताही स्टेम सेल उपचार हा संशोधन मानला जातो. तो मंजुरी असलेल्या वैद्यकीय चाचणीतच देता येतो. अशा चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी संकेतस्थळावर असते आणि ती कुणालाही मोफत पाहता येते.

याचा सरळ अर्थ : ईबीसाठी ‘स्टेम सेल पॅकेज’ अमुक लाखांत, असा प्रस्ताव कुणी दिला तर तिथेच थांबा. चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक असतो, आणि त्यातल्या प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून मागितले जात नाहीत.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात, यादीतल्या आजारांसाठी निवडक उत्कृष्टता केंद्रांत ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचं केईएम रुग्णालय हे त्यांतलं एक केंद्र. मुलाच्या आजाराचा प्रकार निश्चित झाला असेल तर त्याला कोणती मदत लागू होते, याची चौकशी तिथे करता येते. ‘डेब्रा इंडिया’ ही संस्था भारतातल्या ईबी रुग्णांच्या कुटुंबांसाठी काम करते.

तोवर घरी काय करायचं?

आजच्या घडीला बहुतेक ईबी रुग्णांचं आयुष्य ठरतं ते रोजच्या काळजीवर.

- बाळाला बगलेत हात घालून उचलू नका. एक हात पाठीखाली, एक कुल्ल्यांखाली ठेवून मऊ कापडासकट उचला.
- चिकटपट्टी लावू नका. रुग्णालयात सलाइन किंवा तपासणीसाठी चिकटपट्टी लावणार असतील तर आधीच सांगा. न चिकटणारं, सिलिकॉनचं ड्रेसिंग मिळतं.
- घासून तेल-मालिश, पायात वाळे, हातात मनगट्या, कमरेला करदोडा, काळा दोरा हे सगळं टाळा. घरातल्या वडीलधाऱ्यांना कारण नीट समजावून सांगा.
- कपडे सुती आणि सैल घाला. शिवण टोचत असेल तर उलटे घाला.
- फोड तसाच ठेवला तर पसरत जातो. निर्जंतुक सुईने त्यातलं पाणी काढायचं, पण वरचं साल तसंच राहू द्यायचं. हे डॉक्टर किंवा नर्सकडून शिकून घेतल्याशिवाय करू नका.
- जखमांतून प्रथिनं आणि रक्त जात राहतं. त्यामुळे आहार, वजन आणि हिमोग्लोबिन यांवर लक्ष ठेवा.
- न भरणारी किंवा वेगळी दिसू लागलेली जखम लगेच दाखवा.

तीन प्रश्न विचारा

‘स्टेम सेल’ हा शब्द ऐकल्यावर भुलून जायचं कारण नाही आणि तो झटकून टाकायचंही नाही. बोखुमचा मुलगा खरा आहे आणि मिनेसोटात दगावलेलं मूलही खरं आहे. दोन्ही ठिकाणी शब्द एकच वापरला गेला, पण पेशी वेगळ्या होत्या, आजाराचे प्रकार वेगळे होते आणि उपचारही वेगळे होते.

म्हणून उद्या कुणी या आजारासाठी स्टेम सेल उपचार सुचवला, तर तीन प्रश्न विचारा. पेशी कुठल्या, त्वचेच्या की बोन मॅरोच्या की आणखी कुठल्या? त्या कुणाच्या, स्वतःच्या की दात्याच्या? आणि स्वतःच्या असतील तर त्यांतला जनुकीय दोष दुरुस्त केला आहे का?

या तीन प्रश्नांची उत्तरं आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक लेखी मिळत नसेल, तर तो उपचार नाकारण्यात मुलाचं काहीच नुकसान नाही.